बबनकाकांचा हत्ता

एखादी गोष्ट कशी वाटली हे बबनकाका तोंडाने कधीच सांगत नाहीत. विचारलंत तर ते आधी खांद्यावरचा पंचा काढतात, तुमचा उजवा हात मागतात, त्यावर पंचा पसरतात आणि कुणाला दिसणार नाही अशा बेताने आत तुमची बोटं दाबतात. एक बोट दाबलं तर एक, दोन दाबली तर दोन. बोटाच्या मधल्या पेरावर थांबले तर अर्धा. पाचही बोटं दाबली तर पाचपैकी पाच, पण हे मी आपलं माहितीसाठी सांगतेय. आमच्या सोसायटीत अजून कुणाची पाच बोटं दाबली गेलेली नाहीत.

वाशीच्या फळबाजारात काकांनी चाळीस वर्षं आंब्याचे भाव असेच ठरवले. रुमालाखाली बोटं दाबून सौदा करायचा, याला तिथे हत्ता म्हणतात. आता बाजारात तो बंद झालाय आणि काकाही निवृत्त होऊन जुईनगरला आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. हत्ता मात्र ते घरी घेऊन आले. चहा कसा झालाय? हत्ता. गणपतीचं डेकोरेशन? हत्ता. एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये चेअरमननी कौतुकाने विचारलं, "काका, नवा रंग कसा वाटला?" तर काका उठून सगळ्यांसमोर त्यांचा हात पंच्याखाली घेऊन उभे राहिले. दोन मिनिटं सगळी सोसायटी चेअरमनांच्या चेहऱ्याकडे बघत होती आणि तो चेहरा रंगापेक्षा जास्त उतरत होता.

"अहो, तोंडाने सांगा ना!" मी एकदा वैतागून म्हटलं.

"चारचौघांत भाव बोलला की ज्याचा माल हाय त्याची मान खाली जाते," काका म्हणाले. "पंच्याखाली कमी भाव दिला, तर तो त्याला नि मला. बाकी कुनाला काय करायचंय?"

काका मूळचे ओतूरकडचे. पंच्याहत्तरीला टेकलेत, पण धोतर-सदरा अजून कडक इस्त्रीचा असतो. काकी पाच वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा बंगळुरूला, त्याचा रविवारी फोन येतो. बाकी सहा दिवस काका काळजी करतात.

त्यांच्या काळजीलाही नाव आहे. साका. हापूस आंब्याला साका होतो म्हणजे वरून फळ सोन्यासारखं, वास घमघमाट, आणि कापलं की आत कोयीजवळ पांढरट, स्पंजासारखा गर. बाहेरून ब्रह्मदेवालाही ओळखू येत नाही. चाळीस वर्षं या एका धास्तीत काढल्यामुळे काकांना आता सगळ्याच गोष्टींत साका दिसतो. नवी लिफ्ट बसली, सगळे पेढे खात वर-खाली करत होते, काका जिन्याने. "वरून बरी दिसते. आत साका असला तर?" डॉक्टरांनी रिपोर्ट नॉर्मल म्हणून सांगितला, काका तो पेपर उलटा धरून उजेडात बघत बसले. "नॉर्मल लिहिलंय हे खरं. पन आत?" बिल्डिंगमधली पोरं त्यांना साकाकाका म्हणतात. त्यांना ते माहीत आहे आणि त्याचंही त्यांना टेन्शन आहे.

मागच्या हिवाळ्यात मला बघायला एक मुलगा आला होता. आईने वडीलधारे म्हणून काकांना बोलावून बसवलं. मुलगा बरा होता, दात स्वच्छ होते, कांदेपोह्यांना नावं ठेवली नाहीत. मंडळी जिना उतरतायत न उतरतायत तोच आईने विचारलं, "काय भाऊजी, कसं वाटलं स्थळ?" काकांनी पंचा काढला. आत काय दाबलं मला दिसलं नाही, पण आईचं तोंड असं झालं की मी समजले. दीड. आई चार दिवस काकांशी बोलली नाही. पण त्या मुलाला फोनही तिने केला नाही.

आता मी काय करते ते सांगते. आई नातेवाइकांना सांगते, "ती फूड लाईनमध्ये आहे." मी बिअर बनवते. एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, आणि गेलं दीड वर्ष वाशीतल्या एका पबच्या मागच्या बाजूला, काचेपलीकडे ज्या चकचकीत टाक्या दिसतात ना, त्यांच्यामागे बूट घालून उभी असते. स्वभावाने मी घाबरट. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या रस्त्यातून स्कूटर वळवणारी. अशा बाईने जिवंत यीस्टवर पोट अवलंबून ठेवू नये. यीस्ट सुट्टी घेत नाही आणि काही बिघडलं तर सांगतही नाही.

माझी आणि काकांची गट्टी याच कामामुळे जमली. नोकरी लागल्यावर पहिली टाकी तयार झाली तेव्हा मी भीतभीत एक बाटली वर नेली. काका दारू पीत नाहीत, त्यात शुगर. पण आंबा तरी ते कुठे गिळायचे? दिवसाला दीडशे फोडी जिभेवर ठेवून थुंकायच्या, हाच धंदा. म्हणाले, "वास घेतो, जिभेला लावतो, चूळ भरतो. पाप लागत न्हाई." त्या बिअरला त्यांनी साडेतीन दिले आणि ती लोकांना आवडली. दुसरीला दोन दिले आणि ती खरोखरच बेचव निघाली. तिसरी, चौथी, सगळे भाव बरोबर. त्यानंतर बबनकाकांच्या बोटांशिवाय मी एकही टाकी पुढे पाठवली नाही. प्रयोगशाळेचा कागद एकीकडे आणि पंचा एकीकडे. मला शिकवणाऱ्या मॅडमनी हे वाचलं तर डिग्री परत मागतील.

मग आली हेझी आयपीए.

ही बिअर म्हणजे सगळ्या गढूळ बिअरींची राणी. हॉप्स नावाच्या वेलीची फुलं असतात, ती यात ढिगाने पडतात. त्यामुळे आंबा, संत्रं, अननस असे वास येतात, एकही फळ न घालता. ओट्स आणि गहू घातल्याने ती मऊ लागते आणि आरपार दिसत नाही. मालक समीर मला वर्षभर टाळत होता. शेवटी म्हणाला, "ओके मॅडम, एक टाकी. तुमची रेसिपी. जमलं तर ठीक, नाही तर आपण साधी गव्हाची बिअर एके गव्हाची बिअर." आणि लगेच मोबाईलवर पोस्टर टाकून मोकळा. तीन आठवड्यांनी शनिवारी लॉन्च. ही टाकी फसली असती तर वाशीत दुसरं कोण मला टाकी देणार होतं? मी परत औषधांच्या कंपनीत जाऊन शिश्या मोजणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

लॉन्चच्या आठवड्यात मंगळवारी दुपारी मी नळ उघडून नमुना घेतला. रंग मस्त, अगदी आमरसाच्या आसपास. नाक लावलं, संत्रं आलं, आंबा आला. आणि त्यांच्या मागून, एका क्षणापुरतं, काहीतरी लोण्यासारखं आलं. पुन्हा वास घेतला तर काही नाही. शेजारीच किचन आहे. मी स्वतःला सांगितलं, बटर नान लागलं असेल तव्यावर. समीरला दिली, तो म्हणाला, "एक नंबर!" दोन वेटरांना दिली, तेही एक नंबर. कुणालाच काही लागलं नाही म्हटल्यावर मी बाटली भरली आणि घरी आले.

काकांनी काचेचा ग्लास खिडकीच्या उजेडात धरला आणि दचकले. "गाळायचं राहिलं काय गं?"

"नाही काका. ही अशीच असते."

"कोनी सांगितलं?"

"जगात सगळीकडे अशीच पितात. आमरस कुणी गाळून पारदर्शक करतं का?"

हे त्यांना पटलं. मग सगळे विधी सुरू झाले. आधी फेस किती वेळ टिकतो ते पाहिलं. मग ग्लास हातभर लांब धरून एक वास, मग जवळून एक, मग वर तळहात झाकून, ग्लास गोल फिरवून, हात काढून एक. डोळे मिटलेले, नाकपुड्या फुगलेल्या. मी नखं खात उभी.

"तुला काय काय लागलं?" त्यांनी नेहमीसारखं विचारलं.

"आंबा. संत्र्याची साल. जरासा अननस."

"हां," काका म्हणाले. "आनखी?"

"आणखी काही नाही."

त्यांनी एक थेंब जिभेवर घेतला, बेसिनमध्ये चूळ भरली, तोंड पुसलं आणि पंचा पसरला. मी हात पुढे केला. एक बोट. दुसरं बोट. तिसऱ्याच्या पेरावर येऊन काका थांबले, आणि थांबलेच.

"अडीच?" माझा आवाज चिरकला. "काका, सगळे एक नंबर म्हणतायत!"

"म्हनू देत. यात साका हाय."

"कुठे? कसला? काय वास आला तुम्हाला?"

"आत हाय. अजून वर आला न्हाई. आंबा आम्ही उबेला ठेवायचो, मग आतलं बाहेर यायचं. तूही उबेला ठेव."

मी तणतणत खाली आले. म्हातारा झालाय, नाकाला काय कळतंय, पंच्याखाली काय हेझी आयपीए जोखतात, असं आईला ऐकवून झालं. आई म्हणाली, "मग झोप की." झोप कसली येतेय!

सकाळी सातला मी टाकीसमोर हजर. काका उबेला ठेव म्हणाले ते अगदीच अडाणी नव्हतं. आमच्या लायनीतही अशी एक परीक्षा असते, आणि खरं सांगायचं तर ती मी आधीच करायला हवी होती. घाईत टाळली होती. कशाच्या भीतीने टाळली होती हे तेव्हा मला कबूल करायचं नव्हतं. नमुना बाटलीत झाकण लावून अर्धा तास कडक गरम पाण्यात ठेवायचा, मग गार करून वास घ्यायचा. फुलं उशिरा घातली की कधीकधी यीस्ट पुन्हा जागं होतं आणि एक पदार्थ मागे सोडतं. त्याला आज वास नसतो. आठवड्याभराने त्याचंच लोणी होतं. गरम केलं की अर्ध्या तासात कळतं. मी अर्धा तास त्या बाटलीकडे टक लावून बसले. गार केली. झाकण उघडलं.

थिएटरमधले बटर पॉपकॉर्न! नाक लावायचीही गरज नव्हती.

समीरला बोलावून दोन्ही ग्लास पुढे ठेवले. त्याने वास घेतला, मोबाईल टेबलावर पालथा घातला. "पण मॅडम, गरम न केलेलीला नाही ना येत? शनिवारी गरम करून कोण पिणार आहे?"

"शनिवारी नाही येणार. पुढच्या बुधवारी येईल. तोपर्यंत पिंपात भरलेली असेल."

"कुणाला कळणार?"

"मला," मी म्हणाले. भीतीपेक्षा तोंड पुढे निघून गेलं होतं. "टाकी अजून थंड केलेली नाही. आठवडाभर उबेला ठेवू. यीस्टनेच घाण केलीय, यीस्टच खाईल. लॉन्च पुढच्या शनिवारी."

"आणि पुढच्या शनिवारी पण नाही झाली तर?"

"तर ओतून देऊ."

"मग बघू तुमचं," समीर म्हणाला, आणि पोस्टरवरची तारीख बदलायला गेला.

तो आठवडा कसा काढला ते विचारू नका. रोज सकाळ-संध्याकाळ बाटली गरम पाण्यात, रोज तोच धसका. गुरुवारी जरा कमी. रविवारी आणखी कमी. मंगळवारी मला वाटलं गेला, पण माझ्या वाटण्यावर माझाच विश्वास नव्हता. वरचे काका माझ्याहून बेजार. आता त्यांना वेगळीच धास्ती लागली. दिवसातून तीनदा जिन्यात गाठायचे. "पोरी, माझ्यामुळं तुझं नुकसान तर न्हाई ना? माझं चुकलं तर?"

"चुकलं नाही हो काका. लोणी निघालं ना!"

"निघालं हे खरं," ते म्हणायचे आणि तरी जिन्यातच उभे राहायचे.

शुक्रवारी सकाळी गरम केलेला नमुना आणि गार नमुना शेजारी ठेवले, तर मला फरक ओळखता येईना. स्वच्छ. लोण्याचं नाव नाही. समीरने तीनदा वास घेतला आणि पिंपं मागवली. पुढचं आत्ताच सांगून टाकते. शनिवारी ती नळाला लागली, लोकांनी मागून मागून प्यायली आणि समीरने पुढच्या टाकीचं माझ्या आधी जाहीर केलं. पण मला त्याच्याबद्दल नाही सांगायचं. मला शुक्रवार संध्याकाळबद्दल सांगायचंय.

दिवेलागणीला मी बाटली घेऊन वर निघाले. पहिल्याच वळणावर करपल्याचा वास आला. दुसऱ्या वळणावर डोळे चुरचुरायला लागले. काकांचं दार नेहमीसारखं लोटलेलं. मी आत धावले तर गॅसवर दुधाचं पातेलं काळंठिक्कर, आणि त्याच्यापासून पाच पावलांवर काका खुर्चीत बसून शांतपणे पेपर वाचतायत. पाठ स्वयंपाकघराकडे.

मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, पातेलं सिंकमध्ये टाकलं. चर्रर्र आवाज झाला तेव्हा काकांनी मान वळवली.

"काय झालं गं?"

"दूध करपलंय काका! खालच्या मजल्यापर्यंत वास येतोय!"

काका उठले. त्यांनी त्या पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पंच्याने उगीचच चष्मा पुसायला लागले. माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्सं झाली. तो ताप आला होता बघ, तवापासनं. जिभेला कडू-गोड कळतं. वास गेला तो गेलाच."

दोन वर्षं. मी नोकरीला लागून दीड. म्हणजे माझ्या एकाही बिअरचा वास या माणसाने कधी घेतलाच नव्हता. मला इतका राग आला की काय सांगू. "अहो काका! पाचशे लिटर! पाचशे लिटर मी तुमच्या नाकाच्या भरवशावर अडवली! लोण्याचा पत्ता तुम्हाला लागला कसा मग?"

"लोनी न्हाई कळलं. साका हाय एवढंच कळलं," काका खालमानेने म्हणाले. "तुझा हात ओला होता. चाळीस वर्सं पंच्याखाली समोरच्याचे हात धरले, पोरी. माल नासका असला की मालकाच्या तळहाताला आधी कळतं. तुझा हात मला परत्येक वेळी खरं सांगायचा. मी आपला तुझाच भाव तुला परत द्यायचो."

मी बोटांवर मोजायला लागले. साडेतीन माझे. दोन माझे. अडीचही माझेच. आणि त्या मुलाचा दीड म्हणजे तो आईचा!

"मग सांगितलं का नाहीत? मी काय खाणार होते तुम्हाला?"

"सांगितलं असतं," काका म्हणाले, "तर तू बाटली घेऊन वर कशाला आली असतीस?"

माझा राग होता तिथेच विरून गेला. मी दोन ग्लास धुतले आणि बिअर ओतली. काकांनी सवयीने ग्लास उचलला, नाकाशी नेला, आणि मग हसून माझ्याकडे सरकवला.

"तूच घे वास. आन मला सांग."

मी सांगायला लागले. आंबा म्हटलं तर लगेच प्रश्न, "हापूस का पायरी?" मी पुन्हा नाक लावलं. पायरी. "पिकलेली?" नाही, पाडाला आलेली, देठाशी जरा हिरवी. "संत्रं नागपूरचं का?" तेवढं नाही सांगता येत, पण साल आत्ताच सोललीय, नखात अडकलीय. काकांनी डोळे मिटले होते आणि ते एकेक शब्दाला मान डोलवत होते. असं कुणी ऐकणारं असेल तर मी रोज एक टाकी लावीन, असं मला तेव्हा वाटलं.

मग ते एकदम उठले. म्हणाले, "जरा इकडं ये." आतल्या खोलीतलं लाकडी कपाट त्यांनी उघडलं. काकींच्या साड्या घड्या घालून जशाच्या तशा होत्या.

"ही गेल्यावर मी कपाट फार उघडत न्हवतो, वास उडून जाईल म्हनून. कधीतरी उघडायचो. मग ताप आला," काका म्हणाले. "आता कळतच न्हाई हाय का गेला. मुलाला विचारायची लाज वाटते. तू बघ. तिनं साड्यांत ठेवलेल्या वाळ्याचा वास न्हाई म्हनत मी. तिचा."

मी कपाटात डोकं घातलं. डांबरगोळ्या, जुनं लाकूड, थोडी ओल. हिरव्या साडीच्या घडीत नाक खुपसून मी पुष्कळ वेळ श्वास घेतला. डांबरगोळ्याच होत्या.

मी वळले. काका माझ्या तोंडाकडे बघत उभे होते आणि त्यांचा हात माझ्या हाताकडे निघाला होता. मी माझे दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून घेतले.

"आहे, काका," मी म्हणाले. "अजून आहे."